टपालखर्चाचा न्याय : ऑनलाइन लिलावातील रवानगी आणि बांधणावळ

मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेस जी यात्रा भरते, तीत बैलांचा आणि घोंगड्यांचा मोठा बाजार होतो. घोंगडी घेणारा मनुष्य ती उन्हाकडे धरून वीण तपासतो, बोटांनी चाचपून लोकर पाहतो, भाव ठरवितो, पैसे मोजतो आणि ती खांद्यावर टाकून आपल्या वाटेने चालू लागतो. ती घरापर्यंत नेण्याचा खर्च त्याचा तो करतो. विकणाऱ्याचा त्या खर्चाशी काडीमात्र संबंध नसतो, आणि म्हणूनच त्या खर्चावरून दोघांत कधी तंटाही उपस्थित होत नाही.

परंतु हाच व्यवहार ऑनलाइन झाला, म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. शहापूर तालुक्यातील शेणव्यास बसून एखाद्याने मोबाइलवर वस्तूचे छायाचित्र चढवावे, त्यावर नागपूरच्या, बेळगावच्या किंवा बडोद्याच्या मनुष्याने बोली लावावी, आणि सर्वांत मोठ्या बोलीस वस्तू सुटावी, असा हा लिलाव असतो. येथे वस्तू वाहून नेण्याचे काम टपालखाते अथवा कुरियर करते. त्याचे पैसे अखेरीस घेणारा देतो. मात्र ते पैसे विकणाऱ्याच्या हातून जातात. तिसऱ्याच्या कामाचे दाम दुसऱ्याने पहिल्याच्या हाती विश्वासाने ठेवावयाचे, अशी ही रचना आहे. हे दाम किती असावे, ते कसे ठरवावे आणि केव्हा सांगावे, याचा विचार करणे लहान विक्रेत्यास अत्यंत अगत्याचे आहे. कारण त्याच्यापाशी दुकान नाही, पाटी नाही, पिढ्यांची ओळख नाही. दूरच्या गिऱ्हाइकाचा विश्वास एवढेच त्याचे भांडवल होय.

ऑनलाइन लिलावाचा इतिहास फार जुना नाही. पिअर ओमिदयार यांनी १९९५ साली अमेरिकेत जी लिलावाची पेढी इंटरनेटवर उघडली, तीच पुढे ईबे या नावाने जगप्रसिद्ध झाली. हिंदुस्थानात २००० साली मुंबईस बाझी डॉट कॉम ही तशीच पेढी निघाली. २००४ साली ती ईबेने विकत घेतली. आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबेचे हिंदी दुकान बंद झाले. तथापि लिलावाची रीत बंद झाली नाही. जुनी नाणी, टपालाची तिकिटे, दुर्मिळ पुस्तके, दिवाळी अंक, पितळेची भांडी यांचे लिलाव आज निरनिराळ्या संकेतस्थळांवर, आणि त्याहूनही अधिक मोबाइलवरील हौशी मंडळींच्या गटांत, नित्य चालतात. शहापूर–मुरबाडच्या रानपट्टीत वारली, ठाकूर, कातकरी या समाजांची वस्ती आहे. तेथील बांबूची टोपली किंवा कापडावर काढलेले वारली चित्र या मार्गाने थेट शहरातील घरात जाऊ शकते. दलालाची पायरी गळते, हा मोठाच लाभ. परंतु ती पायरी गळताच टपालाचा हिशेब कारागिराच्या अंगावर येतो, हे विसरून चालत नाही.

हा प्रश्न मराठी वाचकास अगदी अपरिचित मात्र नाही. हिंदुस्थानच्या टपालखात्याने १८७७ साली व्ही. पी. ची पद्धत सुरू केली आणि १८८० साली मनीऑर्डर आली. या दोन सोयींमुळे पुण्या-मुंबईचा पुस्तकविक्रेता खेड्यातील वाचकापर्यंत पोहोचला. त्या काळच्या जाहिरातींत किमतीपुढे ‘ट. ख. निराळा’ किंवा ‘टपालहंशिलासह’ असे शब्द छापलेले असत. शब्द दोनच, पण त्यांत साऱ्या व्यवहाराचा खुलासा असे. पुस्तकाची किंमत एक, टपालाचे हंशील दुसरे. आणि दोन्ही एकत्र केली असतील तर तसे स्पष्ट सांगितलेले. शिवाय पुडक्यावर तिकिटे डकवलेली असत. पुडके हाती येताच घेणाऱ्याने ती मोजावी आणि आपणाकडून घेतलेले पैसे खरोखर टपालासच गेले किंवा नाही, याची खात्री करून घ्यावी. तिकीट ही एक प्रकारची उघडी पावतीच होती. आज पुष्कळशा पुडक्यांवर तिकिटांच्या जागी छापील चिठ्ठी असते आणि कुरियरच्या चिठ्ठीवर दराचा आकडा बहुधा नसतोच. म्हणजे जी गोष्ट पूर्वी पुडक्याच्या पाठीवर वाचता येत असे, ती आता विकणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून राहिली आहे.

या आडोशाचा गैरफायदा कसा घेतला जातो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका जुन्या पितळी समईसाठी एकूण ५०० रुपये खर्चावयास गिऱ्हाईक सिद्ध आहे. टपाल व बांधणावळ मिळून खरा खर्च ६० रुपये आहे. विक्रेत्याने तोच आकडा सांगितला, तर गिऱ्हाईक ४४० पर्यंत बोली लावील. आता दुसऱ्या विक्रेत्याने तोच खर्च १६० रुपये म्हणून लिहिला. सावध गिऱ्हाईक आपली बोली ३४० वर थांबवील. त्यास एकूण ५०० च पडतील आणि लबाडीचा काहीच उपयोग होणार नाही. परंतु बोलीच्या चढाओढीत रंगलेल्या मनुष्याचे लक्ष मोठ्या अक्षरातील आकड्याकडे असते. खालची बारीक ओळ त्याच्या दृष्टीतून निसटते. तो ४४० ची बोली लावून बसतो आणि देतो मात्र ६००. यावरून असे दिसून येईल की, फुगविलेल्या टपालखर्चाची मिळकत ही केवळ बेसावध मनुष्याच्या बेसावधपणातून होणारी मिळकत आहे.

ही कल्पनेतील गोष्ट नव्हे. तनजिम हुसेन आणि जॉन मॉर्गन या अर्थशास्त्रज्ञांनी ईबेवर प्रत्यक्ष वस्तू लिलावास काढून याची परीक्षा केली आणि निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. बोलीचा आरंभ कमी किमतीस व टपालखर्च अधिक, असे ठेवले असता पुष्कळदा बोली लावणारे अधिक येतात आणि एकूण रक्कमही अधिक मिळते, असे त्यांस आढळले. मात्र टपालखर्च अवास्तव वाढविला की हा लाभ नाहीसा होतो. यात आणखी एक कारण मिसळत असे. लिलावाची पेढी आपली दलाली केवळ बोलीच्या रकमेवर आकारी. टपालखर्चावर दलाली नसे. तेव्हा किंमत थोडी आणि टपालखर्च भरमसाट लिहिला, म्हणजे गिऱ्हाइकाबरोबर पेढीसही चुकविता येई. अखेरीस २०११ साली ईबेने अमेरिकेत टपालखर्चासह एकूण रकमेवर दलाली आकारण्यास प्रारंभ केला. लबाडांमुळे प्रामाणिक विक्रेत्यासही टपालाच्या पैशांवर दलाली भरावी लागली, हा त्याचा परिणाम होय. एकाने मोडलेल्या विश्वासाची किंमत सर्वांना द्यावी लागते, ती अशी.

फुगविलेल्या टपालखर्चाचे दुसरे अनिष्ट त्याहून गंभीर आहे. वस्तू परत करण्याचा प्रसंग आला, तर किंमत परत मिळते, टपालखर्च मात्र पुष्कळ वेळा मिळत नाही. कारण ते काम होऊन चुकलेले असते. आता १०० रुपयांची किंमत आणि ३०० रुपयांचा टपालखर्च असे कोणी लिहिले असेल, तर फुटकी वस्तू परत करणाऱ्याच्या पदरी १०० रुपयेच पडतात. किमतीचा भाग टपालाच्या नावाखाली दडविला, की गिऱ्हाइकाचा परताव्याचा हक्कही त्याच्याबरोबर दडपला जातो.

धान्याच्या बाजाराची ज्यांना माहिती आहे, त्यांना यात काहीच नवल वाटणार नाही. भाताची पोती अडत्याकडे नेली, की भाव एक सांगितला जाई आणि हाती भलताच आकडा येई. मधल्यामध्ये हमाली, तोलाई, अडत, बारदान, कडता अशी नावे घेऊन वजावट होत असे. हमालाने पाठीवर पोते वाहिले, त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. परंतु हमालीच्या नावावर अडत्याने आपली पेटी भरणे अन्याय होय. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या शेतकी विषयावरील शाही कमिशनच्या अहवालात नियंत्रित बाजारांची जोरदार शिफारस होती, आणि मुंबई इलाख्यात १९३९ साली शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला, त्याचे मर्म हेच की, भाव वेगळा, खर्च वेगळा, आणि दोन्ही उघड असावेत. ऑनलाइन लिलावातील टपालखर्च ही त्या हमाली-तोलाईचीच नवी आवृत्ती आहे.

कायद्यानेही हीच दिशा धरली आहे. २०२० सालच्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांप्रमाणे विक्रेत्याने वस्तूची एकूण किंमत एका आकड्यात दाखवावी लागते, आणि तिच्यात पोचविण्याचा खर्च, टपाल व हाताळणी, वाहतूक व कर असे कोणकोणते भाग आहेत, त्याची फोडही द्यावी लागते. आपल्या घरातील जुनी वस्तू एखाद्या वेळी विकणाऱ्या व्यक्तीस हे नियम लागू नाहीत. परंतु जो नियमितपणे, धंदा म्हणून विकतो, त्याला ते लागू आहेत. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने फसव्या मांडणीच्या प्रकारांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत आरंभी थोडी किंमत दाखवून शेवटी एकेक खर्च उघड करीत जाण्याचा प्रकारही निषिद्ध ठरविला आहे. तक्रार करावयाची झाल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे.

आता न्याय्य आकारणी करावी कशी, याकडे वळू. पहिला नियम असा की, आधी वस्तू बांधावी, मग वजन करावे, आणि त्यानंतरच लिलाव पुकारावा. पुष्कळ लोक याच्या उलट करतात. वस्तू अंदाजाने सोडतात आणि मग खोके शोधू लागतात. वाण्याच्या दुकानात किंवा स्वयंपाकघरात जो काटा असतो, तो या कामास पुरेसा आहे. पार्सलाचा दर बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चढतो. त्यामुळे ४९० ग्रॅमचे पुडके पहिल्या टप्प्यात बसते आणि ५१० ग्रॅमचे दुसऱ्या टप्प्याचे दाम देते. पुठ्ठ्याचा अनावश्यक तुकडा काढून टाकल्याने संपूर्ण एका टप्प्याचे पैसे वाचू शकतात, आणि ते वाचविणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, कारण ते पैसे दुसऱ्याचे आहेत.

दुसरी गोष्ट आकारमानाची. कुरियरवाले केवळ वजन पाहत नाहीत. खोक्याने अडविलेली जागाही पाहतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावयाचा आणि त्यास बहुधा ५००० ने भागावयाचे. येणारा आकडा किलोमधील वजन समजला जातो, आणि दोन वजनांपैकी जे अधिक, त्यावर दर लागतो. बांबूची टोपली प्रत्यक्षात ६०० ग्रॅम भरली, तरी तिचे खोके ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २० उंच असेल, तर गुणाकार २४,००० येतो आणि भागाकार ४.८ किलो. सहाशे ग्रॅमच्या वस्तूस जवळजवळ पाच किलोचे दाम! ज्याला हे ठाऊक नाही, तो टोपली ३०० रुपयांस विकून पदरचे पैसे भरून बसतो. उपाय सोपा आहे : लहानमोठ्या टोपल्या एकात एक बसवून संच विकावा, कापडावरील चित्र चौकटीवाचून, नळीत गुंडाळून पाठवावे.

तिसरी गोष्ट म्हणजे सेवेची निवड. टपालखात्यातील दर व सेवा यांत अलीकडे पुष्कळ फेरबदल झाले आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन करण्यात आले. पुस्तकांसाठी १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही स्वस्त सेवा सुरू झाली; आरंभी तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर निराळा, असा ठेवण्यात आला. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक अशा छापील पुस्तकांपुरतीच ती आहे, आणि पुडके भूमार्गाने जात असल्याने वेळ अधिक लागतो. तेव्हा जुने पुस्तक विकणाऱ्याने स्वस्त व सावकाश, आणि महाग व सत्वर, असे दोन्ही पर्याय घेणाऱ्यापुढे ठेवावे, निवड त्याची. विक्रेत्याने स्वस्त सेवेने धाडून महाग सेवेचे पैसे ठेवणे ही उघड चोरी आहे. दर बदलत असतात, म्हणून प्रत्येक वेळी टपाल कार्यालयात चौकशी करूनच आकडा लिहावा.

बांधणावळीत काय धरावे आणि काय धरू नये, यावर मतभेद होतात. खोके, कागद, फुग्यांचे प्लॅस्टिक, चिकटपट्टी, नळी यांची खरी किंमत धरणे योग्य आहे. जुने खोके फुकट मिळाले असेल, तर त्याचे नव्या खोक्याइतके दाम लावू नये. केवळ ते पुडके टाकण्यासाठी शेणव्याहून शहापुरास जावे लागले, तर एस. टी. चे भाडेही धरण्यास हरकत नाही. पण एका फेरीत पाच पुडकी नेली असतील, तर भाडे पाचांवर विभागले पाहिजे. बांधण्याच्या श्रमाचे थोडे पैसे घ्यावयाचे असल्यास तसे नाव घालून घ्यावेत. मात्र पेढीची दलाली, मोबाइलचा खर्च आणि वस्तू घडविण्याचे श्रम ही किमतीची अंगे होत. त्यांना टपालाच्या रकान्यात जागा नाही. उदाहरणार्थ, टपाल करासह ८० रुपये, नळी २० रुपये, कागद व चिकटपट्टी ५ रुपये, भाड्याचा वाटा १० रुपये, एकूण ११५ रुपये, असा चार ओळींचा हिशेब वस्तूच्या वर्णनाखाली लिहिला, तर कोणाही शहाण्या गिऱ्हाइकास तो खटकणार नाही.

अधिक घेणे जसे अनुचित, तसे कमी घेणेही हिताचे नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. ग्रामीण विक्रेत्याचे नुकसान बहुतेक याच बाजूने होते. संकोचाने तो टपालखर्च ५० रुपये लिहितो, प्रत्यक्षात १२० लागतात, आणि दोन दिवस खपून काढलेल्या चित्राच्या मोबदल्यातून ७० रुपये निघून जातात. असे चारदा झाले म्हणजे तो एकतर विक्री सोडतो, किंवा बांधणीत कसर करतो आणि वस्तू वाटेत फुटते. न्याय्य आकारणीत विक्रेत्यावरही अन्याय होता कामा नये.

‘टपाल फुकट’ या घोषणेचे काय? वस्तुतः फुकट काहीच नसते. टपालाचा खर्च किमतीत मुरविलेला असतो. एकूण आकडा एकच असल्याने तुलना सोपी होते, हा तिचा गुण. परंतु पार्सलाचा दर अंतराप्रमाणे चढत असेल, तर कल्याणच्या गिऱ्हाइकावर गुवाहाटीच्या गिऱ्हाइकाचा भार पडतो, हा दोष. इंग्लंडात रोलंड हिल यांनी पत्रांस अंतराचा विचार न करता एकच दर असावा, असे प्रतिपादन केले आणि १८४० साली ते अमलात आले. हिंदुस्थानात १८५४ च्या कायद्याने पत्रांस तीच पद्धत लागू झाली. पण हलक्या पत्रांस वाहण्याचा खर्च नगण्य असतो, म्हणून ते शक्य झाले. जड पार्सलास तो न्याय तसाच लागत नाही. सबब हलक्या वस्तूस एकच दर आणि जड वस्तूस अंतराप्रमाणे दर, हा मध्यम मार्ग उत्तम.

एकाच गिऱ्हाइकाने दोन-तीन वस्तू जिंकल्या, तर त्या एका खोक्यात घालून एकाच पुडक्याचा खर्च घ्यावा. दर वस्तूमागे पूर्ण टपालखर्च वसूल करणे गैर आहे. प्रत्यक्ष खर्च सांगितल्याहून बराच कमी आला, तर उरलेले पैसे परत करावेत. पाच-दहा रुपयांचा फरक कोणी मनावर घेत नाही; पन्नासांचा घेतो. वस्तू मौल्यवान असेल, तर विम्याचा खर्च किती, हे आधी सांगावे आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच तो आकारावा.

घेणाऱ्याचीही काही कर्तव्ये आहेत. बोली लावण्यापूर्वी टपालखर्चाची ओळ वाचणे, तो लिहिला नसेल तर विचारणे आणि उत्तर मिळेपर्यंत बोली न लावणे, ही त्यांतील मुख्य होत. तसेच बांधणावळीच्या पंधरा रुपयांवरून कारागिराशी हुज्जत घालणेही शोभत नाही. फुटलेली वस्तू हाती येण्यापेक्षा चांगले खोके केव्हाही स्वस्त. पुडके आल्यावर ते न स्वीकारण्याची जी वाईट खोड व्ही. पी. च्या काळापासून चालत आली आहे, तिने विकणाऱ्यावर जाण्याचा आणि येण्याचा, असा दुहेरी खर्च पडतो. घ्यावयाचे नसेल, तर बोलीच लावू नये.

तिकिटे डकविलेल्या पुडक्याचा काळ गेला असला, तरी त्याचा उघडेपणा परत आणता येतो. टपाल कार्यालयातून जी पावती मिळते, तीवर वजन आणि दिलेली रक्कम छापलेली असते. तिचे छायाचित्र काढून त्याच दिवशी घेणाऱ्याकडे धाडण्यास क्षणभरही लागत नाही आणि दमडीही पडत नाही. आपण दिलेले पैसे टपालासच गेले, असे डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य पुढच्या वेळी त्याच विक्रेत्याच्या वस्तूवर निःशंक मनाने बोली लावतो.